खडकीतली सही

संतोषच्या सलूनमध्ये मी दर बुधवारी सकाळी नऊ वाजता दाढी करून घेतो. घरी करता येत नाही असं नाही. हात स्थिर ठेवणं हीच तर माझी आयुष्यभराची नोकरी होती. पण निवृत्त माणसाला आठवड्यातून एकदा तरी कुणी खुर्चीत बसवून मान जरा वर करा म्हणावं असं वाटतं, आणि शनिवार पेठेत ती सोय घरापासून चाळीस पावलांवर आहे. त्या बुधवारी डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता, आणि समोरच्या टीव्हीवर आप्पा आले. आप्पा म्हणजे भैरवनाथ, माजी कॅबिनेट मंत्री, ज्यांच्याकडे मी एकोणीस वर्षं स्वीय सहायक होतो. विश्रांतवाडीच्या पुढे त्यांचा बंगला आहे, त्याच्या ओट्यावर बसले होते. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून उजवा हात शालीखाली असतो, तसाच होता. समोर माइकचा ढीग. आप्पा म्हणाले, "त्या फाइलीवरची सही माझी न्हाई. माझ्या हातची न्हाईच ती. माझ्या हापिसात बसून कुणी केली, ते पोलिसांनी शोधावं. माझं सहकार्य हाय." संतोषचा वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला. "काका, तुम्ही यांच्याचकडे होतात ना?" मी जबडा न हलवता 'हं' म्हणालो. "मग कुणी केली असेल हो?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा हात मारला. घरी येऊन आरशात पाहिलं तर हनुवटीखाली बारीकसं कापलं होतं. संतोषच्या हातून अकरा वर्षांत असं झालं नव्हतं, तेव्हा मीच हललो असणार.

आप्पा बोलत होते ती फाइल सहा वर्षांपूर्वीची. त्यांच्या गावात, म्हणजे पूर्वी गाव असलेल्या आणि आता महापालिकेत आलेल्या भागात, शाळेच्या मैदानासाठी राखून ठेवलेली एक जागा होती. तिचं आरक्षण उठवायचा प्रस्ताव आला, टिपणीखाली मंत्र्यांनी 'मान्य' लिहून सही केली, आणि आज तिथे सोळा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या आहेत. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने चौकशी लावली, चौकशीत हस्ताक्षरतज्ज्ञ आले, आणि त्यांनी सांगितलं की ही सही मंत्र्यांच्या इतर सह्यांशी जुळत नाही. एवढं मी पेपरात वाचलं होतं, आणि वाचताना थोडी गंमतही वाटली होती. जुळणार कशी? त्या इतर सगळ्या सह्या माझ्या आहेत. एकोणीस वर्षांत आप्पांच्या नावाने जेवढ्या फाइलींवर सह्या झाल्या, त्यांत आप्पांनी स्वतःच्या हाताने केलेली ही एकच. ती करताना मी शेजारी बसलो होतो. खडकीत गाडी उभी होती, आणि ती सही मी केली नाही म्हणून त्यांना करावी लागली होती. सगळ्या नोकरीत मी दिलेला तो एकमेव नकार. आता नेमकी तीच सही माझ्या गळ्यात मारायचं ठरलं होतं.

राग लगेच आला नाही. आधी जुनंच आठवत राहिलं. आप्पा सरपंचाचे जिल्हा परिषद सदस्य झाले, पाठोपाठ एका समितीचे सभापती, तेव्हा मी तिथे कारकून होतो. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी समोर ठेवलं, तर आप्पांनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढत 'भैरू' लिहिलं. तेवढ्या वेळात शिपायाने दोनदा चहाचे कप उचलले आणि परत ठेवले. शेजारी बसलेले मोठे साहेब छताकडे बघून हसले. छतावर हसण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी आप्पांनी मला बोलावलं. "रंगनाथ ना तू? तुझं अक्षर झ्याक हाय म्हनं. मला एक सही करून दे. मोठ्या मानसाची वाटली पायजे." शिंप्याकडे सदरा मागावा तशी त्यांनी सही मागितली. मी रद्दी कागदांच्या पाठीवर दोन दिवस खपून ती तयार केली. भ ची गाठ घट्ट, मग दोन मात्रा मागे झुकलेल्या, मग उरलेलं नाव एका दमात उजवीकडे ओढलेलं, आणि शेवटी खालून वळून परत भ पर्यंत येणारी रेघ. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला वेळ नाही पण घाईही नाही. आप्पांनी दुरेघी वही आणून पंधरा दिवस गिरवली. जमेना. रेघ परत फिरायच्या जागी दर वेळी हात अडायचा. शेवटी वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच कर की गड्या. शब्द माझा, हात तुझा. आपल्यात काय येगळं हाय?" मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. आपल्यात काय वेगळं आहे, असं मला माझ्या वडिलांनीही कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी बसने घरी येताना मी खिडकीच्या काचेवर बोटाने ती सही करत होतो.

आप्पांची कारकीर्द लोकांना सभांतून आणि मिरवणुकांतून आठवत असेल. मला ती मनगटात आठवते. सभापती असताना दिवसाला वीस-पंचवीस सह्या. आमदार झाले तेव्हा शंभरेक. शाळाप्रवेशाची शिफारस, बदली, रेशनकार्ड, गणेश मंडळांना शुभेच्छा. मग राज्यमंत्री झाले आणि मंत्रालयात फाइलींवर 'मान्य' सुरू झालं. मग कॅबिनेट, आणि माझ्या मनगटाला क्रेप बँडेज. शपथविधीला सगळ्यांसमोर आप्पांनी एक वेडीवाकडी रेघ ओढली तेवढी सोडली, तर उमेदवारी अर्जासकट सगळं माझं. निवडणूक अधिकारी चहाकडे वळले की काम होऊन जायचं. माझ्यानंतर त्यांनी सहीचा रबरी शिक्का करून घेतला म्हणतात, तो माझ्याच सहीवरून. आप्पांना याची लाज नव्हती आणि मला भीती नव्हती. फाइल मी वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच असा एखादा प्रश्न विचारायचे की सचिवांनी पाणी मागावं, आणि मग मान हलवायचे. मान हलली की मी सही करायचो. खडकी बाजारात एका कापडाच्या दुकानात, धानोरीत एका शिक्षकाच्या घरी, ती सही मी फ्रेममध्ये लावलेली पाहिली आहे. मी खाली बसून चहा प्यायचो आणि वर माझं काम टांगलेलं असायचं. सुख व्हायचं, खोटं कशाला बोलू. एकदा माझ्या मुलीच्या, श्रद्धाच्या, प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी मी आप्पांची सही करून बसलो. चावटपणा केला म्हणून बाईंनी तिला तासभर उभं केलं. माझी बायको सुहासिनी त्या दिवशी पानात भात वाढताना म्हणाली, "बरं झालं, लग्न आधीच उरकलं होतं. नाहीतर मी कुणाच्या नावावर पडले असते, देव जाणे." मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

मैदानाची ती जमीन मुक्ताबाईंची. आप्पांच्या भावकीतल्या, विधवा, मागे नागोराव हा एकच मुलगा. शाळेला लागून त्यांचं दीड एकर होतं, ते त्यांनी मैदानासाठी नुसतं देऊन टाकलं. अट एकच, मैदान राहिलं पाहिजे. आप्पा म्हणाले, पत्र दे म्हातारीला एक चांगलंसं. मी लिहिलं, 'आपल्या जमिनीवर मुले खेळतील, दुसरे काहीही होणार नाही, हा माझा शब्द आहे.' खाली सही. पत्र द्यायला मीच गेलो होतो. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं, अगदी ती परत येणारी रेघ धरून फिरवलं, आणि म्हणाल्या, "भैरूचं अक्षर लई ग्वाड हाय." त्यानंतर बारा वर्षांनी आरक्षण उठवायची टिपणी आली. मुक्ताबाई तेव्हा नव्हत्या. खडकीतला एक कार्यक्रम आटोपून आम्ही मुंबईला निघालो होतो. दारूगोळा कारखान्याच्या भिंतीलगत गाडी उभी करून ड्रायव्हर उसाचा रस आणायला गेला. मी फाइल वाचून दाखवली. आप्पांनी मान हलवली. मी पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसलो. ज्या हाताने ते पत्र लिहिलं त्या हाताने हे होईना. तत्त्व वगैरे मोठं काही नव्हतं; बोटं पुढे जात नव्हती, इतकंच. मी म्हणालो, "आप्पा, ही तुम्ही करा." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. भिंतीवरून एक मांजर चालत गेलं ते आठवतं. मग त्यांनी फाइल मांडीवर घेतली, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि लिहू लागले. जीभ दातांत धरली होती. रेघ परत फिरायच्या जागी हात अडला, त्यांनी पेन उचललं आणि दुसरीकडून आणून जोडलं. कुणीही म्हटलं असतं की नकली आहे. मला ते दिसलं आणि मी बोललो नाही. पुढची सहा वर्षं मी त्या पाच मिनिटांवर काढली म्हटलं तरी चालेल. निवृत्तीच्या समारंभात लोक भाषणं करत होते, निष्ठा, सेवा, सावली वगैरे, आणि मी मनात म्हणत होतो की एकदा नाही म्हणालोय. आप्पांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. म्हणजे त्यांना समजलं आणि त्यांनी माझा मान राखला, असं मी धरून चाललो होतो.

शुक्रवारी तपास अधिकाऱ्यांच्या कचेरीतून फोन आला. सोमवारी अकरा वाजता या, नमुन्याच्या सह्या द्यायच्या आहेत. शनिवारी दुपारी राजनंदिनी आली. आप्पांची मुलगी. येत्या निवडणुकीत त्यांच्या जागी तिला उभं करायचं चाललं आहे. गाडी ओंकारेश्वरापाशी सोडून गल्लीतून चालत आली, दोन जिने चढली, मला वाकून नमस्कार केला, लहानपणापासून करते. "काका, इट्स अ टेक्निकल थिंग. टेन्शन नका घेऊ. तुम्ही एवढंच सांगायचं, साहेबांनी तोंडी सांगितलं, घाई होती, मी सही केली. वाईट इंटेन्शन नव्हतं. वकील आपलेच असतील. फार तर दोन-तीन वर्षं तारखा पडतील, मग सगळे विसरतात." मी विचारलं, "आणि ती मी केलेली नसेल तर?" ती हसली. अगदी प्रेमाने हसली. "तुम्ही नाही तर कोण, काका? सगळं तुम्हीच करायचात, हे घरात सगळ्यांना माहितीये." "मग ती बाकीच्यांसारखी का दिसत नाही?" "एक्झॅक्टली. घाईत केली, हात हलला. असंच सांगायचं." सुहासिनीने तिच्यापुढे कोकम सरबताचा पेला ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे, छान आहे. मग पोलिसांना यांची कशाला गरज?" राजनंदिनीने पेला अर्धा प्यायला, घड्याळ बघितलं, आणि जाताना पुन्हा नमस्कार केला.

ती गेल्यावर मी खिडकीपाशी बसून सगळं नीट मांडून पाहिलं. आप्पांचा उजवा हात गेलेला, तेव्हा त्यांच्याकडून नमुना मिळणार नाही. पोलीस जुन्या कागदांवरच तोलणार, आणि जुने कागद सगळे माझे. त्यात नागोरावानेच कोर्टात लावलेलं मुक्ताबाईंचं पत्र पहिलं. सोमवारी मी मुद्दाम अडखळत, हात हलवत सही केली, तर खडकीतली सही माझ्या नावावर चढणार. मग मी तो माणूस, ज्याने मंत्र्याच्या पाठीमागे खोटी सही करून पोरांचं मैदान विकलं. आणि नेहमीसारखी केली, तर ती एक सुटेल, पण बाकीच्या हजारो माझ्या ठरतील. लोकांच्या बदल्या, प्रवेश, फ्रेममधली पत्रं, मुक्ताबाईंना दिलेला शब्द, सगळं एका कारकुनाने केलेलं. एक नकार सिद्ध करायला एकोणीस वर्षांचा होकार कबूल करायचा. संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसलो. खाली कुणीतरी गाडी नीट लावण्यावरून कुणाला तरी शांतपणे अपमानित करत होतं. मला आप्पांचा राग आला तो तेव्हा. आणि त्याच्या मागोमाग त्यांना भेटायची इतकी इच्छा झाली की माझी मलाच शरम वाटली.

रविवारी सकाळी बसने विश्रांतवाडीला गेलो आणि तिथून रिक्षाने बंगल्यावर. आप्पा ओट्यावर एकटेच होते, उन्हात पाय सोडून. मला बघून खरोखर खूश झाले. "ये रंगा. वाळलास की रं." आत हाक मारून चहा सांगितला, माझ्यासाठी बिनसाखरेचा, विसरले नव्हते. मी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं. "आप्पा, ती सही मी केली असं तुम्ही टीव्हीवर म्हणालात."

"तुझं नाव घेतलं न्हाई म्या."

"माझ्याशिवाय तिथे कोण होतं?"

"तेच की. पोरगी म्हनली, नाव घ्यायचं न्हाई, ते आपसूक येतंय." हे त्यांनी एखाद्या सभेची आखणी सांगावी तसं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"ती सही तुमची आहे, आप्पा. खडकीत केलीत. गाडीत. ड्रायव्हर रस आणायला गेला होता."

आप्पांनी डोळे मिटले. फाइल ऐकताना मिटायचे तसेच. मला वाटलं आता येईल, आता ते म्हणतील, व्हय रं रंगा. "रस आठवतुया," ते म्हणाले. "आलं लई घातलं हुतं त्यानं. तुला ठसका लागला." मग डोळे उघडले. "हां. सही बी केली असंल म्या. तुझं मनगट दुखत हुतं तवा. पट्टी बांधलेली. म्हनलास, ही तुमी करा. म्हनलं, बिचारा किती वढनार."

मी चहाचा कप खाली ठेवला. खरं तर तो मी खाली ठेवला की सुटला, आठवत नाही. बशीत चहा सांडला होता. "मनगट दुखत नव्हतं," मी म्हणालो. "मी नाही म्हणालो होतो. मुक्ताबाईंना पत्र दिलं होतं तुम्ही. दुसरं काही होणार नाही म्हणून. म्हणून मी नाही म्हणालो."

"कंचं पत्र?" आप्पांनी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं, आणि का आठवावं? लिहिलं मी, सही केली मी, नेऊन दिलं मी. आप्पा थोडं पुढे झुकले आणि त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कीव होती, आणि ती खोटी नव्हती. "रंगा, तू न्हाई म्हनला असतास तर म्या फाइल बाजूला ठेवली असती. तुझं ऐकलं न्हाई असं कवा झालंय? एकदा तरी सांग." मी सांगायला तोंड उघडलं. एकही वेळ आठवेना. गेल्या तीन वर्षांत त्यांचा चेहरा एका बाजूने ओघळला आहे, डोळ्यात कायम पाणी असतं, त्यामुळे ते रडत आहेत की काय हेही कळेना. "आता पोरीचं तिकीट हाय," ते म्हणाले. "माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. तिला मधी आनू नगंस. येवढं कर." निघताना त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मी सवयीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना नीट बसवलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी मी सरकलो नाही. टीव्हीवर ते बोलले ते खोटं होतं, ते मला सहन झालं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. पण सहा वर्षं मी ज्याच्या जोरावर स्वतःशी ताठ चाललो, ते या माणसाच्या लेखी मनगटाचं दुखणं होतं. त्यांना आल्याचा ठसका आठवतो. माझा नकार त्यांच्या कानावर पडलाच नव्हता. आणि ते शेवटचं वाक्य. बाजूला ठेवली असती. खरंच ठेवली असती का? खुर्चीतल्या आप्पांना मी आतून ओळखत होतो, आणि तरी मला सांगता येत नव्हतं. ठेवली नसती म्हणालो तर मला बरं वाटत होतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. होळकर पुलावर बस अडकली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने चोळतोय. ते दुखत नव्हतं.

घरी सुहासिनीने फक्त विचारलं, "मग उद्या काय करणार?" मी म्हणालो, नेहमीसारखी सही करणार. जे होईल ते होईल. एकदा तरी नाही म्हणालो होतो, तेवढं कुठेतरी लिहून राहिलं पाहिजे. "ऐकायला चांगलं वाटतं," ती म्हणाली. "डबा कुठे आणून द्यायचा तेवढं विचारून ठेवा त्यांना." मग उठून तिने माझा पांढरा सदरा काढला आणि इस्त्री करायला घेतली. कॉलर दोनदा केली. पाठमोरी असताना म्हणाली, "मला तेव्हाच का नाही सांगितलंत? खडकीचं?" मी म्हणालो, तुला अभिमान वाटला असता म्हणून. हे उत्तर मलाही समजलं नाही. तिने इस्त्रीची वायर काढली आणि सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

सोमवारी तपास अधिकारी म्हणून ज्या बाई समोर आल्या त्यांचं नाव नम्रता. चाळिशीच्या असतील. आवाज बेताचा. त्यांनी मला पाणी विचारलं, कोरे कागद पुढे केले आणि म्हणाल्या, "माजी मंत्र्यांची सही तुम्हाला जशी माहीत आहे तशी करा. तीस वेळा. घाई नाही." चार वर्षांनी मी ते नाव लिहीत होतो. पहिल्या तीन जरा कोरड्या आल्या. चौथ्या वेळी रेघ खालून वळून परत भ पाशी आली आणि हाताला तो जुना आनंद झाला. नको तिथे, नको त्या वेळी, पण झाला. तीस होईपर्यंत मी थांबलो नाही. मॅडमनी कागद आपल्याकडे ओढला, जुन्या पत्रांच्या प्रती शेजारी ठेवल्या, आणि बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिल्या. "हुबेहूब आहे," त्या म्हणाल्या.

"हुबेहूब नाही मॅडम. त्याही माझ्याच आहेत. सगळ्या. ही वादातली तेवढी माझी नाही." मग मी सांगत गेलो. परिषदेतली पहिली बैठक, दुरेघी वही, मुक्ताबाईंचं पत्र, खडकी, भिंतीवरचं मांजरसुद्धा. मध्ये त्यांनी मला एकदाही तोडलं नाही. लिहून घेत होत्या. ती सही करण्यास मी नकार दिला, हे वाक्य त्यांनी लिहिलं ते मला उलटं दिसत होतं आणि तरी मी ते वाचलं. आता ते कागदावर होतं, सरकारी कागदावर, माझ्याशिवाय कुणाच्या तरी अक्षरात. वाटलं, आता काय करायचं ते करा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नकार दिलात," त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या, नुसतं म्हणाल्या. "कुणाला सांगितलंत? सचिवांना? नागोरावांना? घरी?" मी मान हलवली. कुणालाच नाही. "बरं. मग फाइल पुढे कशी गेली?"

"म्हणजे?"

त्यांनी मूळ फाइल माझ्याकडे फिरवली. आप्पांची ती जोडलेली सही. तिच्या खाली मंत्री कार्यालयाचा गोल शिक्का, सरळ, कुठेही शाई न पसरलेला. शिक्क्याशेजारी जावक क्रमांक आणि त्याच दिवशीची तारीख. आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'तातडीचे', खाली दोन रेघा. मी ते पान त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला. गाडी आठवली, रस आठवला, कारखान्याची भिंत आठवली. मग मुंबई आली असणार, लिफ्ट, टेबल, दिवा, शाईची गादी. रोज संध्याकाळी फाइली सोडायचं काम माझंच होतं, तेव्हा मी ती सोडली असणार. काहीच आठवत नव्हतं. तातडीचे असं लिहायला मला कुणी सांगितलं होतं का, तेही नाही.

"आठवत नाही, मॅडम," मी म्हणालो.

"आठवतं का ते विचारत नाहीये. अक्षर कुणाचं आहे?"

मी चष्मा वर करून वाकून पाहिलं. तारखेतल्या तीनचं शेपूट मी शाळेपासून आत वळवतो. दुसरं कुणी तसं वळवताना मी पाहिलेलं नाही.

"माझं," मी म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं.